धवीची वाटी

जवळ ये गो. अशी ओटीच्या कडेला पाहुणीसारखी काय बसलीस? इतक्या दिवसांनी तोंड दाखवतेस आणि आल्या आल्या घड्याळाकडे बघतेस, हे काही बरं नव्हे. पुढे सरक. वन्सं मागच्या पायरीवर बसल्यात, त्यांना ऐकू जाईल असं मला बोलायचं नाही. म्हणून तर लिहितेय. सातवी शिकलेली बाई मी, पुढचं सगळं वाचून वाचून आलेलं, तेव्हा शुद्धलेखन बघत बसू नकोस. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. देवालासुद्धा नाही — त्याला काय सांगायचं, त्याने बघितलंच असणार.

मांजराची गोष्ट आहे. हसलीस ना? मीसुद्धा हसले असते. एवढं मोठ्ठं काळीज धरून बसायला सांगितलं आणि निघालं काय तर मांजर. पण ऐक.

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, जन्मभर शाळेत शिकवलं, अर्धा वालावल गाव त्यांच्या हाताखालून गेला. हे गेल्यापासून खाडीकाठच्या ह्या घरात आम्ही दोघीच. घर त्यांचंही आणि माझंही — कागदावर. एरवी तूरडाळ किती शिजवायची हेसुद्धा त्याच सांगायच्या. वाईट नाहीत हो. माझ्या आजारपणात माझी न्हाणी त्यांनी धुतलीय. पण मास्तरीणबाई त्या. घरातली प्रत्येक वस्तू त्यांच्या वर्गातली.

आणि धवी तर त्यांचीच. धवी म्हणजे पांढरी. एक काळा केस नव्हता अंगावर. वन्संचे गुडघे धरलेले, त्यांना रोज उंडीचं तेल चोळायचं. त्या तेलाचा वास तुला ठाऊक असेल, कडवट, उग्र, लुगड्यात बसला की चार पाण्यांत जात नाही. त्याच गुडघ्यांवर ती महाराणी दुपारभर झोपायची. माझ्याकडे तीन वर्षांत एकदा आली नाही. हात लावायला गेलं की ओरखडा. बांगडा आणला की मधला तुकडा धवीला, शेपटीकडचा मला. मी काही बोलायची नाही. मांजराशी कसली बरोबरी करायची? — असं म्हणायची आणि मनात ठेवायची.

मग तांबडो आला, तांबड्या रंगाचा बोका. मासेवालीच्या टोपलीमागून चालत आला आणि ती गेली तरी हा राहिला. जरासा लंगडत होता, पण काय सांगू तुला, इतकं मायाळू जनावर मी बघितलं नाही. अनोळखी अंगणात शिरला तो सरळ माझ्या पायांवर आडवा पडला. पोट वर करून. माझ्या! त्या घरात मला बघून कोणी असं लोळलं नव्हतं. मी घाबरत घाबरत वन्संना विचारलं. वाटलं, नाही म्हणतील. तर त्यांनी चष्म्यातून त्याला वरखाली बघितला नि म्हणाल्या, "इलो तो इलो. देवान धाडल्यान. खाऊन कितक्या खातलो?"

आणि त्यांनीच त्याला उचलून चुलीभोवती तीनदा फिरवला, पंजांना राख लावली. नवं मांजर घरात घ्यायचं तर आमच्याकडे असंच करतात, म्हणजे ते घर सोडत नाही. लक्षात ठेव हं हे. त्याला घरात घेतला तो वन्संनी.

धवीला मात्र खपेना. भाताच्या कणगीवर चढून बसली ती उतरेना. फुसफुस, गुरगुर, एकदा तर त्याच्या नाकातून रक्त काढलं. तो बिचारा उलट मारायचा नाही, लांब बसून शेपूट हलवत राहायचा. वन्संनी शाळेसारखं शास्त्र काढलं. तांबड्याच्या अंगावरून फडका फिरवायचा नि तो धवीच्या झोपायच्या जागी ठेवायचा, धवीचा फडका त्याच्या जागी. "मांजार नाकान वळखता, डोळ्यान न्हय," म्हणायच्या. "आधी वासाची वळख होवंदे." महिनाभर हे फडके इकडून तिकडे. पण धवीने खाणं टाकलं, वन्संच्या अंथरुणात मुतली, पाठीचे मणके मोजून घ्यावेत इतकी सुकली. शेवटी एका सकाळी वन्सं चहाचा कप तसाच ठेवून म्हणाल्या, "सुलू, तांबड्याक पाण्यापल्याड सोडून ये. तो तरणो आसा, खंयय जगतलो. धवीक माझ्याशिवाय कोण आसा?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण मनात हिशेब मांडला — तांबडा माझा, म्हणून तो जाणार. धवी त्यांची, म्हणून ती राहणार.

आता मांजर पाण्यापल्याड सोडायची आमच्याकडची रीत तुला सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मांजर मारत नाहीत. ते पाप काशीला जाऊनही फिटत नाही म्हणतात. नकोसं झालं की गोणीत घालून तरीतून, म्हणजे माणसं ने-आण करणाऱ्या होडीतून, खाडीपलीकडे नेतात. वाहतं पाणी ओलांडलं की मांजराला माग लागत नाही. आणि ज्याचा जीव गुंतलाय त्याने ते बघायचं नाही. गोणीत शिरताना मांजराची नि त्याची नजरानजर झाली तर ते सातव्या दिवशी दारात. म्हणून नेणाऱ्याने एकट्याने गोणी बांधायची, बाकीच्यांनी पाठ फिरवायची. गोणी उघडून कोणी बघायची नाही. बघितलंस? गोणीत काय आहे ते फक्त बांधणाऱ्यालाच माहीत.

वैशाखाचे दिवस. वन्सं देवघरात भिंतीकडे तोंड करून बसल्या. त्यांचीही माया बसली होती तांबड्यावर, पदराने डोळे टिपताना मी बघितलं. मी मागच्या पडवीत गोणी उघडली. तर तांबडा आपला आपणच आत शिरला. खेळ वाटला त्याला. आतून घुरघुर ऐकू येत होती, आणि पंजाने गोणपाट मळत होता, आईच्या पोटाशी मळतात तसा. मी उभी. हातात सुंभ.

मी त्याला बाहेर काढला. लाकडांच्या खोपीत कोंडला. आणि परत येऊन कणगीवरच्या धवीला उचलली.

मला वाटलं होतं, फाडून काढील. ओरडेल, वन्सं येतील, आणि सगळं थांबेल. खरंच सांगते, मी कुठेतरी त्याचीच वाट बघत होते. पण तिने एक नख काढलं नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा ती माझ्या हातात अशी आली, मऊ, हलकी, जशी काही माझीच. आजच का? आजच का नाही बोचकारलंस मला?

मी गोणीचं तोंड बांधलं.

तरीत दुसरं कोणी नव्हतं. तारी वल्हं हाणता हाणता म्हणाला, "काय काकी, गोणीत काय?" म्हटलं, मांजर. "बोको?" "होय, बोको," मी म्हटलं. इतकं सहज आलं ते तोंडातून की माझं मलाच नवल वाटलं. पलीकडच्या धक्क्यावर, काजीच्या झाडाखाली सुंभ सोडलं नि मागे न बघता चालू लागले — मागे बघायचं नसतं म्हणून. पण तरीत बसल्यावर नजर गेलीच. धवी धक्क्याच्या टोकाला येऊन बसली होती, चारी पाय जुळवून. ओरडत नव्हती. फक्त बघत होती, आमची होडी मोठीमोठी होत परत तिच्याकडे येईल अशी.

घरी आले, तांबड्याला खोपीतून सोडला, आणि वन्संना सांगितलं की ह्याच काठाला गाठ सुटली, तो गोणीतून उडी मारून पळाला, मी सगळीकडे शोधत बसले, तर हा आधीच घरी. वन्सं हसल्या. "जाव दे," म्हणाल्या, "तेच्या नशिबात हयच आसा. आता दोगांकय संबाळूया." आणि धवीला हाक मारली.

मग दुसऱ्यांदा मारली. मग अंगणात गेल्या, परसात, विहिरीवर. मीही त्यांच्या मागून "धवी, धवी" करत फिरले. हो, फिरले. शेजारच्या बागेतसुद्धा हाका मारल्या. हे कोण करतंय, असं मला वाटत होतं; माझाच आवाज, पण दुसऱ्या कोणाचा तरी.

दिवेलागणीला वन्सं परत पडवीत आल्या नि मागच्या दाराकडे बघून जागच्या जागी थांबल्या. देवघरात जाताना ते त्यांच्याकडून उघडं राहिलं होतं. आमच्या वाड्यांमधून बिबट्या फिरतोय अशी तेव्हा बातमी होती. त्यांनी दाराच्या चौकटीला हात लावला आणि म्हणाल्या, "माझाच चुकला गो, सुलू. मागला दार मीच उघडा ठेवलंय."

आणि मी काही बोलले नाही.

हे आहे बघ ते. तुला वाटलं असेल गोणी बांधली ती माझी चूक. ती होतीच. पण गोणी बांधायला मला किती लागलं? दोन मिनिटं. हे न बोलणं मी पाच वर्षं केलं, रोज. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी वन्सं मागच्या पायरीवर एक वाटी ठेवतात — दूधभात, वर बांगड्याचा मधला तुकडा. दार उघडं ठेवून, गुडघ्यांना तेल चोळत काळोख होईतो बसतात. तांबडा शेजारी बसतो, पण त्या वाटीला तोंड लावत नाही. त्याला कशी समज आली कोण जाणे. सकाळी वाटी कावळ्यांनी रिकामी केलेली असते. वन्संना ते माहीत आहे. तरी धुऊन पुन्हा भरतात. आणि वर्षातून दहादा तरी कोणालातरी सांगतात की माझ्या हलगर्जीपणामुळे गेली बिचारी. ज्या बाईने उभ्या जन्मात कसली हलगर्जी केली नाही, ती. मी बाजूला बसून निवडत असते काहीतरी. कधी कधी म्हणते, "जाऊ दे हो वन्सं, किती मनाला लावून घ्याल." — असं म्हणते मी! मीच!

पुढे पूल झाला, तरीची होडी बंद पडली. मी पलीकडे पाऊल टाकलं नाही. कोणी बोलावलं की गुडघे दुखतात सांगायची — माझे नाही, वन्संचे. त्यांना एकटं कसं टाकून येऊ? बघ, ह्यालासुद्धा त्यांनाच वापरलं.

पण गेल्या महिन्यात शेजारणीच्या लेकीची पलीकडच्या वाडीत वास्तुशांत निघाली. शेजारीण दारात येऊन बसली, वन्संनी मला उठवलंच. माझं चांगलं लुगडं धोब्याकडे. तर त्यांनी आपल्या ट्रंकेतलं जांभळं काढून दिलं, निऱ्यासुद्धा स्वतः धरल्या. रिक्षा पुलावरून गेली, मी डोळे मिटून घेतले होते.

घर धक्क्यापासून जवळच. जेवणं झाली, आम्ही सात-आठ बायका पडवीत पान लावत बसलो होतो. तिथे लागूनच एक बाई राहते, तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढून विकते खाडीतल्या. ती आली, आणि तिच्या पायांतून एक मांजर आलं. पांढरं. मला पहिल्यांदा काहीच वाटलं नाही बघ, जगात पांढरी मांजरं काय थोडी आहेत? मग ते वळलं. चारी पाय जुळवून बसलं. माझ्या हातातला अडकित्ता खाली पडला.

जिवंत. आठ वर्षांची, जाडजूड, एका कानाला खाप पडलेली. पाच वर्षं मी तिला मनात मारून टाकली होती, बिबट्याच्या तोंडी घातली होती — वन्संसारखीच. माझ्याच खोट्यावर माझाच विश्वास बसला होता, असं काही असतं का गो?

कोणीतरी विचारलं, सुंदर आहे हो, कुठून आणलीत. तर ती बाई सांगायला लागली. धक्क्यावर कोणीतरी सोडली होती. तिथून हलायचीच नाही. होडी लागली की उतरणाऱ्या प्रत्येक बाईचे पाय हुंगायची, एकेकीचे, नीट, आणि परत टोकाला जाऊन बसायची. घातलेलं खायची नाही. महिना असा काढला तिने. पावसाने होडी बंद झाली तेव्हा हिने पदरात गुंडाळून घरी आणली. "जेना कोणी सोडल्यान, तेका देव बघून घेतलो," ती म्हणाली. सगळ्या बायकांनी मान हलवली. मीही हलवली. "खरां गो," म्हटलं.

महिनाभर. त्या काठाला ती बायकांचे पाय हुंगत होती, नि ह्या काठाला वन्सं वाटी घेऊन बसत होत्या. मध्ये एवढंसं पाणी. आणि दोन्ही काठांवरचं मला एकटीला माहीत. नाही — एका काठावरचं मी माहीत करून घेतलं नव्हतं.

मग धवी उठली. बायकांच्या पायांवरून हुंगत हुंगत आली, सवयीने. माझ्यापाशी थांबली. माझे पाय हुंगले, पुढे जायला निघाली — मला तिने ओळखलं नाही, ओळखायचं कारणही नव्हतं — आणि लुगड्याचा काठ तिच्या नाकाला लागला.

उंडीचं तेल.

तिने असा आवाज काढला, मांजराचा आवाज तो नव्हता. ती माझ्या मांडीवर चढली, निऱ्यांत तोंड खुपसलं, आणि दोन्ही पंजांनी ते लुगडं मळायला लागली. घुरघुर इतकी की माझे गुडघे थरथरत होते. ते तिला माझे गुडघे वाटलेच नसणार. मी हात वर धरून बसले होते, पोळल्यासारखे. तिला स्पर्श करायची माझी हिंमत झाली नाही.

तिसऱ्यावाली म्हणाली, "मावशी, पाच वर्षांत ही कोणाच्या मांडयेर बसूक नाय. तुमची वळख दिसता हिका."

बोलायचं तर तिथे बोलायचं होतं. एवढ्या बायकांत, एका वाक्याचं काम. आमच्या वन्संची आहे ही, एवढंच. ती बाई काही नाही म्हणणारी नव्हती. रिक्षा दारात उभी होती. मी तिला पदराखाली घेऊन दिवेलागणीच्या आत मागच्या पायरीवर ठेवली असती.

"नाय गो," मी म्हटलं. "माझी खंयची वळख?"

आणि तिचे पंजे एकेक करून लुगड्यातून सोडवले. नखं अडकत होती, धागे निघाले. ती रिक्षेपर्यंत मागून आली.

पुलावर ह्या वेळी माझे डोळे उघडे होते. खाली जुना धक्का दिसतो. आणि तिथे मला ते आठवलं, जे मी तुलाही वर सांगितलं नाही — गाळलं. गोणीच्या दिवशी सकाळी, म्हणजे वन्संनी सोडून ये म्हटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, त्या उठायच्या आधी, मी पडवीत आले तर तांबडा आणि धवी एका वाटीत दूध पीत होती. दोघं. डोक्याला डोकं लावून. मग धवीने त्याच्या नाकावरची जखम चाटली. वासाची ओळख झाली होती. वन्संचं शास्त्र खरं ठरलं होतं. कोणालाच कुठे सोडायची गरज उरली नव्हती.

मी टाळी वाजवून त्यांना पांगवलं. वन्संना काही सांगितलं नाही. आणि चहा ठेवला.

तेव्हा तांबड्याला वाचवायला मी हे केलं, असं मी स्वतःला पाच वर्षं सांगत आले, ते खोटं. तांबडा वाचलेलाच होता. मला त्यांचं काहीतरी जायला हवं होतं. बस्स, एवढंच.

घरी आल्यावर वन्संनी लुगडं घडी करायला मागितलं. झटकता झटकता थांबल्या. चष्मा वर करून निऱ्यांतून एक केस काढला, उजेडात धरला. पांढरा.

"थंय मांजार होता?"

"होता एक. शेजारच्यांचा."

त्या केसाकडे बघत राहिल्या. म्हटलं, आता विचारतील. विचारलं तर सांगेन. देवा, विचारू दे.

"खावक घालतत मां तिका?"

"घालतत."

"बरा झाला," त्या म्हणाल्या. केस त्यांनी फेकला नाही, पोथीत ठेवला. मग वाटी घेऊन मागे गेल्या.

त्यांना कळलं का? मला माहीत नाही. पांढऱ्या मांजराचा केस त्या अशाच कुठलाही ठेवतील. त्याला महिना झाला. पलीकडची वाडी रिक्षेने पंधरा मिनिटांवर आहे. मी गेले नाही. आजही गेले नाही. हे लिहितेय तेव्हा मागून तेलाचा वास येतोय, आणि तांबडा माझ्या मांडीवर येऊन बसलाय, पोट वर करून, पहिल्या दिवसासारखा. त्याला खाली ठेवते, तो परत येतो.

बरं, तू निघालीस तर नीघ. पण लवकर ये हो, असे महिने घालवू नकोस. वन्संना माणूस आलं की बरं वाटतं. आणि मागच्या बाजूने आलीस तर पाय जपून टाक. पायरीवर वाटी असते.